किल्ली कुणाकडे?

हल्ली भिशीत चहा होता होता विषय निघतोच, "अगं, आमच्या मुलानं बिटकॉइन घेतलंय!" कितीला घेतलं, भाव किती वाढला, सगळं सांगून होतं. पण ते ठेवलंय कुठे, हे कुणीच विचारत नाही.

मैत्रिणींनो, सोनं घेतलं की आपण आधी लॉकर बघतो ना? इथंही तेच. फरक इतकाच, की क्रिप्टो हातात येत नाही. असते फक्त एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा. तो ज्याच्याकडे, ताबा त्याचा. अॅपवरून खरेदी केली, तर किल्ली बहुधा कंपनीकडेच राहते.

याचा अर्थ १८ जुलै २०२४ ला अनेकांना कळला. वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. वॉलेटला किल्ल्या अनेक होत्या, त्यातली एक बाहेरच्या सांभाळणाऱ्या कंपनीकडे. तरीही चोरी झालीच. ग्राहकांना क्रिप्टो काढता येईना. प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

"पण सरकार कर घेतं, म्हणजे सुरक्षितच की!" इथंच गल्लत होते. नफ्यावर ३० टक्के कर २०२२ पासून आहे. मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या, त्यांना नोंदणीही करावी लागते. पण ती काळ्या पैशावर नजर ठेवायला, तुमच्या पैशाची हमी द्यायला नव्हे. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. इथं तेही नाही.

म्हणून घरात तीन प्रश्न विचाराच. किल्ली कुणाकडे? कंपनी ग्राहकांची क्रिप्टो स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवते का? आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना ती मिळणार कशी?

किल्ली स्वतःकडेच ठेवायची असेल, तर वॉलेट उघडताना मिळणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवा. मोबाइलमध्ये फोटो नको. 'कस्टमर केअर'मधून बोलतोय म्हणणाऱ्यालाही सांगू नका. आणि हो, ते हरवले तर दुसरी किल्ली कुठल्याच ऑफिसात मिळत नाही.

'त्यातलं आपल्याला काय कळतंय' म्हणून गप्प बसू नका. पैसा घरचा आहे. मग किल्ली कुठे आहे, हे घरातल्या बाईला ठाऊक नको?