गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका

भगिनींनो, या वेळी जरा अवघड विषयावर बोलायचे आहे. अवघड अशासाठी की तो आपल्याच शरीराचा असूनही आपण त्याचे नाव मोठ्याने घेत नाही. आणि घरातल्या बंधूंनी हे पान 'बायकांचे आहे' म्हणून उलटून टाकू नये. शेवटी त्यांच्यासाठीही काही लिहिले आहे.

हदगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही नात्यातल्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे एक मावशी भेटल्या. वय पंचावन्नच्या आसपास, सारा जन्म रोजमजुरीत गेलेला. जेवणे झाल्यावर त्यांनी आम्हांला आतल्या खोलीत नेले, दार लोटले आणि पदर बाजूला केला. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

"कधीपासून आहे, मावशी?"

"नागपंचमीला सुपारीएवढी होती. दुखत न्हवती, म्हणून ऱ्हाऊ दिली."

"घरात कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगावं माय? सोयाबीन होतं, मग कापूस आला. येचणीचा रोज बुडवून दवाखान्यात कोण जाईल? अन् पोराला सांगायची लाज वाटली."

नागपंचमी ते पौष म्हणजे पाच महिने झाले होते. मधल्या काळात एका जाणकाराने दिलेला लेपही लावून झाला होता. त्यांच्या सुनेला हे सारे त्या दिवशी आमच्यासमोरच कळले. ती रडत म्हणाली, "आत्याबाई, मला तरी सांगायचं होतं." आज मावशींचे उपचार चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे, त्या धीराने घेत आहेत. पण गाठ सुपारीएवढी असताना त्या दवाखान्यात गेल्या असत्या, तर उपचार सोपे झाले असते आणि बरे होण्याची आशा अधिक असती, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणून हा लेख.

या दुखण्याचा खरा डाव इथेच आहे. आपल्या कष्टकरी घरांत दुखले की दुखणे, अंथरूण धरले की आजार, असा हिशेब असतो. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. बाई शेतात जाते, भाकरी करते आणि गाठ मुकाट्याने वाढत राहते. दुखायला लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण सहा-सात रुग्णांमागे एक असे आहे. तिथल्या बाईचे शरीर काही निराळे नाही. तिची गाठ लहान असताना सापडते आणि उपचार पुरे होतात, हा मोठा फरक आहे.

आता कुणी म्हणेल, "हा शहरातल्या बायकांचा रोग, खेड्यात कुठे असतो?" यात थोडे खरे आहे आणि मोठी फसगतही आहे. कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम आपल्या देशात प्रथम मुंबईत १९६३ साली सुरू झाले. खेड्यांसाठी अशी पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने बार्शी आणि आपल्या मराठवाड्यातले परंडा व भूम या तालुक्यांतल्या गावोगावी नोंदी ठेवल्या. दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडल्यावर दिसले, की मुंबईच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खेड्यातल्या स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. खेड्यात गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जास्त होता.

पण प्रमाण कमी म्हणजे धोका नाही, असे नव्हे. खेड्यात रोग कमी जणींना होतो, पण ज्यांना होतो त्या उशिरा दवाखान्यात पोहोचतात. शिवाय खेड्यांतही हे प्रमाण आता वाढते आहे.

हा फरक का पडतो? पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा जाणे, पहिले बाळंतपण तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, अंगावर कमी पाजणे, पाळी गेल्यावर वजन फार वाढणे, अंगमेहनत नसणे, दारू पिणे, या सर्व गोष्टी धोका थोडाथोडा वाढवतात. आई, बहीण किंवा मुलीला हा रोग झाला असेल तर अधिक सावध राहावे. वय वाढते तसा धोका वाढतो. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीतही पुष्कळ दिसतो.

इथे एक गैरसमज होऊ नये. उशिरा बाळंतपणाने धोका वाढतो म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकावीत, असा अर्थ कुणी काढू नये. मुलीचे शिक्षण तोडून तिचे आरोग्य राखले जात नाही. शिकलेली मुलगीच उद्या आईची गाठ ओळखणार आहे आणि तिला दवाखान्यात नेणार आहे. जे आपल्या हाती आहे ते करावे. बाळाला अंगावर पाजावे. ३० देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली असे दिसले, की पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे हा धोका साधारण ४ टक्क्यांनी कमी होतो. पण मजुरीवर जाणाऱ्या बाईला पाजायला सवड तर मिळाली पाहिजे! गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाजू मांडली होती. ती बाब आजही बायांच्या आरोग्याचीच आहे.

आणि हेही सांगितले पाहिजे, की पुष्कळ रुग्ण स्त्रियांत यांतले एकही कारण सापडत नाही. हा रोग कुणाच्या पापाने होत नाही, नजर लागून होत नाही, मार लागल्याने होत नाही आणि एकीचा दुसरीला लागत नाही. त्यात लपवण्याजोगे काही नाही.

मग गाठ लवकर सापडावी कशी? परदेशात चाळिशी-पन्नाशीनंतर ठराविक वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढतात. ती यंत्रे महाग आहेत, खेडोपाडी पोहोचलेली नाहीत आणि तरुण वयात त्या फोटोत गाठ नीट उमटत नाही. मग प्रत्येकीने स्वतःच तपासले तर? चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांत १९८९ पासून २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर हे पाहिले गेले. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी शिकवली. दहा वर्षांनी दिसले, की नुसत्या तेवढ्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून स्वतः पाहणे चांगले असले, तरी त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. शिकलेल्या हाताने केलेली तपासणीही हवी.

हे काम आपल्या मुंबईतच करून पाहिले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या कष्टकरी वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा हाताने तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या साध्या स्त्रियांना हे काम शिकवले होते. वीस वर्षांनी, २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत शंभरातल्या ४७ रुग्ण स्त्रिया रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर सापडल्या, तर तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही खरे. तरी एवढे सिद्ध झाले, की महागड्या यंत्राशिवाय, शिकवलेल्या बाईच्या नुसत्या हातांनी जीव वाचतात.

"खेड्यातल्या बाया लाजतात, तपासणीला यायच्या नाहीत," असेही म्हटले जाते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली. ती याहून कितीतरी लाजेची. तरी बोलावलेल्या बायांपैकी बहुसंख्य आल्या. तपासणारी बाई असली, नीट बोलली आणि आडोसा असला, की आपल्या बाया येतात.

सरकारनेही २०१६ साली धोरण ठरवले आहे. तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. आशाताईने घरी येऊन फॉर्म भरायचा आणि उपकेंद्रात तपासणी व्हायची. कागदावर हे छान आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी 'माझ्या स्तनांची तपासणी कधीतरी झाली आहे' असे सांगणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकसुद्धा नाही! तेव्हा आपले हक्काचे आपण मागितले पाहिजे. आशाताईला विचारा, "ताई, माझा फॉर्म भरला का? तपासणी कोणत्या दिवशी आहे?" विहारातल्या महिला मंडळाने आरोग्य केंद्राला अर्ज देऊन नर्सबाईंना एक दिवस वस्तीत बोलवावे. दहा जणी एकत्र गेल्या की लाजही वाटत नाही आणि कुणाला टाळताही येत नाही.

स्वतःचे स्तनही ओळखीचे ठेवा. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी आणि पाळी गेलेल्यांनी एक तारीख ठरवून, आंघोळीच्या वेळी बघा. बोटांच्या टोकांनी चिमटीत न धरता, तीन बोटे सपाट ठेवून गोल फिरवत पूर्ण स्तन आणि काख चाचपा. पुढील गोष्टी दिसल्या तर दोन आठवड्यांच्या आत दवाखाना गाठा: स्तनात किंवा काखेत गाठ, दुखत असो वा नसो, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा पाणी येणे, बोंडावरची जखम न भरणे, एका स्तनाचा आकार अचानक बदलणे.

गाठ लागली म्हणजे कर्करोगच, असे समजून हाय खाऊ नका. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी की वाईट हे लेप लावणारा सांगू शकत नाही. डॉक्टर हाताने तपासतात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात आणि सुईने गाठीतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही निव्वळ अफवा आहे. गाठ लहान असेल तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. आणि औषधे सुरू केल्यावर बरे वाटले म्हणून मधेच सोडू नका.

पैशांचे काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार, ज्याला लोक 'लाईट देणे' म्हणतात, ते बसतात. २०१२ साली ही योजना जुन्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. हदगावहून पहिली पायरी तालुक्याचा सरकारी दवाखाना, मग नांदेडचे विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आणि पुढे लागले तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय. मुंबईला टाटाला जावे लागले, तर रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेच्या स्लीपर डब्यात रुग्णाला भाडे माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. दादरला रुग्णांसाठी गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे.

शेवटी बंधूंना दोन शब्द. बैल लंगडला तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टर आणता. घरातली बाई मात्र 'काही नाही' म्हणाली की तुम्ही मान्य करता. आज संध्याकाळी आईला, बायकोला, वहिनीला एवढे सांगा, की एका दिवसाचा रोज बुडाला तरी चालेल. पुष्कळ जणी या एका वाक्याची वाट पाहत थांबलेल्या असतात. आणि पुरुषालाही क्वचित, रुग्णांत शंभरात एखाद्याला, हा रोग होतो. तेव्हा स्वतःच्या छातीतली गाठही लपवू नका.

त्या मावशी आता गावातल्या प्रत्येकीला एकच सांगतात, "मी थांबले, तू थांबू नको माय." त्यांचा हा निरोप तुमच्या हाती देतो आहोत. वाचून झाल्यावर हे पान शेजारणीला द्या. तिला वाचता येत नसेल, तर मुलीकडून वाचून घ्यायला सांगा.

जय भीम!