आज फिर्यादीचा, उद्या आरोपीचा

“चोराचे, खुन्याचे वकीलपत्र घेणारा माणूस रात्री झोपतो तरी कसा?” असा प्रश्न आम्हाला पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला आज इंग्लंडच्या कोर्टात डोकावू. लंडनच्या ज्या ग्रेज इनमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली बॅरिस्टर झाले, ती संस्था आजही बॅरिस्टर घडविते.

तिथे पदवी व बॅरिस्टरीची परीक्षा झाली की वर्षभर उमेदवारी करावी लागते. पहिले सहा महिने ज्येष्ठांच्या मागे बसून शिकायचे, पुढचे सहा महिने स्वतः कोर्टात उभे राहायचे. मग काही बॅरिस्टर मिळून चालवितात त्या कचेरीत, म्हणजे ‘चेंबर्स’मध्ये, जागा मिळवायची. पगार नाही, केस मिळेल तशी फी. या केसेस वाटून देतो तिथला क्लार्क! आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचून अंमळ बरे वाटते.

संध्याकाळी क्लार्कचा निरोप येतो, उद्या अमुक गावच्या कोर्टात हजर राहा. रात्र कागद वाचण्यात जाते. आपल्याकडे सरकारी वकील वेगळा नेमलेला असतो. इंग्लंडमध्ये खटले चालविणारे सरकारी खाते १९८६ पासून आहे, पण वरच्या क्राऊन कोर्टातील अनेक खटले ते स्वतंत्र बॅरिस्टरांकडे सोपविते. त्यामुळे तोच तरुण वकील सोमवारी सरकारतर्फे, तर गुरुवारी दुसऱ्या खटल्यात आरोपीतर्फे उभा राहतो. शिवाय तिथे रिक्षा स्टँडसारखा नियम आहे. रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्याने गिऱ्हाईक नाकारायचे नाही. तसेच, वेळ असेल आणि काम झेपणारे असेल, तर आरोपी आवडत नाही म्हणून बॅरिस्टरला केस नाकारता येत नाही.

दोन्ही बाजूंनी लढणाऱ्याला काय कळते, ते २०१७ साली लंडनमधल्या क्रॉयडनच्या कोर्टात दिसले. बलात्काराच्या आरोपाखाली एक तरुण विद्यार्थी जवळजवळ दोन वर्षे जामिनावर होता. सरकारतर्फे बॅरिस्टर जेरी हेज यांच्या हाती ही केस खटल्याच्या आदल्या दिवशी आली. पोलिसांकडे असलेले ४०,००० हून अधिक फोन-संदेश बचावाच्या वकिलाला दिलेच नव्हते. हेज यांनी ते द्यायला लावले. मजकूर आरोपाशी जुळेना, तेव्हा सरकार पक्षानेच खटला सोडून दिला. याचा अर्थ अशा तक्रारी खोट्याच असतात असा मुळीच नाही. पण आरोपीच्या उपयोगाचा पुरावा लपवायचा नाही, हे सरकारी बाजूच्या वकिलाचे कर्तव्यच आहे. असा पारखून घेतलेला खटला उभा राहतो, तेव्हाच खऱ्या पीडितेलाही न्याय मिळतो.

एवढ्या जबाबदारीचा मोबदला मात्र तुटपुंजा. अखेर २०२२ साली इंग्लंड-वेल्सच्या फौजदारी बॅरिस्टरांनी संप केला. ऑक्टोबरमध्ये फीवाढ मान्य झाल्यावर तो मिटला.

आता आपल्याकडे पाहू. आपला माणूस कोर्टात दोन्ही वाटांनी जातो. कधी अत्याचाराची फिर्याद घेऊन, तर कधी खोट्या केसमध्ये आरोपी म्हणून. दोन्ही वेळी त्याला कागद वाचणारा वकील लागतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. आणि आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचेच नाही, असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा असल्याचे सुप्रीम कोर्टाने २०१० साली बजावले आहे.

तेव्हा वस्तीतला एखादा मुलगा, एखादी मुलगी कायदा शिकत असेल, तर “गुन्हेगारांना सोडवणार का?” असे विचारून तिला हिणवू नका. फिर्यादीचे आणि आरोपीचे, दोघांचेही कागद नीट वाचायला तिला शिकवा. तशा वकिलाची गरज उद्या आपल्यापैकी कोणालाही पडेल.