विश्लेषण : प्रायमरीच्या मतचाचण्या इतक्या का फसतात? मिशिगनमध्ये काय घडले?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ८ मार्च २०१६ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षीय प्रायमरी झाली. मतदानापूर्वीच्या चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन या बर्नी सँडर्स यांच्यापेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी पुढे होत्या. चाचण्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक वर्तवली होती. प्रत्यक्षात सँडर्स जिंकले, तेही जेमतेम दीड टक्क्याने. अमेरिकेतील मतचाचण्यांच्या इतिहासात इतका मोठा फज्जा क्वचितच उडाला असेल. दोनच वर्षांनी याच राज्यात बेळगावात वाढलेला एक मराठी उद्योजक चाचण्यांत अचानक वर आला आणि निकालात तिसरा ठरला. दोन्ही वेळा चुकले ते वेगवेगळे. पण प्रायमरीच्या चाचण्या कशा वाचाव्यात हे समजण्यासाठी ही दोन्ही उदाहरणे उपयोगी आहेत.

प्रायमरी म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे उमेदवारी दिल्ली-मुंबईत ठरते. ‘सर्व्हेत नाव मागे आहे’ असे सांगून कुणाचे तिकीट कापले जाते आणि तो सर्व्हे कधी कुणाला दिसत नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुतांश ठिकाणी सामान्य मतदारच मतदानाने निवडतात. या पक्षांतर्गत फेरीला प्रायमरी म्हणतात. मात्र प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. काही राज्यांत पक्षाकडे नोंदणी केलेल्यांनाच मत देता येते. मिशिगनमध्ये अशी पक्षनिहाय नोंदणीच नाही. राज्यपालपदासाठी ऑगस्टमध्ये होणाऱ्या प्रायमरीत मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि मतदाराने त्यांपैकी एकाच पक्षाच्या रकान्यात मते द्यायची असतात. कोणता पक्ष, हे तो मतदान करतानाच ठरवू शकतो.

अडचण इथेच का सुरू होते?

चाचणी घेणाऱ्याला दोन गोष्टी शोधायच्या असतात : लोकांना कोण हवे आहे आणि त्यांपैकी मतदानाला कोण जाणार आहे. सार्वत्रिक निवडणुकीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ठाऊक असते आणि बहुतेकांचा पक्षही ठरलेला असतो. प्रायमरीत हा आधार नाहीसा होतो. मिशिगनमध्ये २०१८च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्यपालपदासाठी सुमारे ११ लाख मते पडली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच पदासाठी दोन्ही पक्षांची मिळून ४१ लाखांहून अधिक. हे ११ लाख नेमके कोण, हे आधी ओळखायचे कसे? ‘तुम्ही मतदान करणार का?’ असे फोनवर विचारले की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. कर्तव्य चुकवणार, असे अनोळखी माणसाला कोण सांगेल?

शिवाय सर्व उमेदवार एकाच पक्षाचे, धोरणांत फरक थोडा. त्यामुळे मतदार सहज मन बदलतो, अनेकदा शेवटच्या आठवड्यात. अध्यक्षीय प्रायमरीच्या चाचण्यांतील सरासरी चूक सार्वत्रिक निवडणुकीच्या साधारण दुप्पट असते, त्यामागे हे सगळे आहे.

२०१६मध्ये काय चुकले?

मिशिगनच्या चाचणीकारांकडे तुलनेसाठी धड जुनी निवडणूकच नव्हती. २००८मध्ये राज्याने पक्षाचे वेळापत्रक मोडून १५ जानेवारीलाच प्रायमरी घेतली. पक्षाने शिक्षा केली, बराक ओबामांनी मतपत्रिकेवरून नाव काढून घेतले आणि क्लिंटन यांच्यासमोर मुख्य पर्याय उरला तो ‘कुणालाही बांधील नाही’ हा. त्याला तब्बल ४० टक्के मते पडली! २०१२मध्ये ओबामा अध्यक्षच होते, लढत नव्हती. म्हणजे चुरशीच्या प्रायमरीला कोणत्या वयाचे, कोणत्या भागातले किती लोक येतात, याचा अलीकडचा नमुनाच उपलब्ध नव्हता. चाचणीकारांनी अंदाज बांधला आणि तो वयस्कर मतदारांकडे झुकला.

त्यात फोनची भर पडली. अमेरिकेतील १९९१च्या कायद्यानुसार संमतीशिवाय मोबाइलवर यंत्राने ध्वनिमुद्रित कॉल करता येत नाहीत. स्वस्तातल्या यांत्रिक चाचण्या त्यामुळे लँडलाइनवरच अवलंबून असत. आणि विशीतल्या तरुणांच्या घरी लँडलाइन असण्याची शक्यता तेव्हाही कमीच होती. मतदानोत्तर पाहणीनुसार तिशीच्या आतील सुमारे ८० टक्के आणि स्वतःला कोणत्याही पक्षाचे न मानणाऱ्या सुमारे ७० टक्के मतदारांनी सँडर्स यांना मत दिले. चाचण्यांत नेमके हेच दोन गट कमी पडले होते. चाचण्या एकमेकींशी जुळत होत्या, म्हणून आकडा पक्का वाटला. पण सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल तर सरासरी काढून ती कमी होत नाही.

श्री ठाणेदार यांची आघाडी कुठे गेली?

२०१८मध्ये राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत तिघे होते : राज्य विधिमंडळातील माजी नेत्या ग्रेचेन व्हिटमर, डेट्रॉइटचे माजी आरोग्य अधिकारी अब्दुल एल-सय्यद आणि रसायन उद्योगातून पुढे आलेले श्री ठाणेदार. ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे ठाणेदार महाराष्ट्रात परिचित होते. मिशिगनच्या राजकारणात त्यांना कुणी ओळखत नव्हते. त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि इतरांच्या कितीतरी आधी दूरचित्रवाणीवर जाहिराती सुरू केल्या. वसंत ऋतूपर्यंत काही चाचण्यांत ते व्हिटमर यांच्या बरोबरीला, क्वचित पुढेही दिसू लागले.

ऑगस्टमधील निकाल : व्हिटमर ५२ टक्के, एल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार जवळपास १८ टक्के.

वसंतातल्या त्या चाचण्या खोट्या होत्या का? नाही. त्यांनी त्या दिवशी लोकांना कोणते नाव आठवते हे बरोबर टिपले होते. निवडणूक चार महिने दूर असताना बहुतेक मतदारांनी उमेदवारांचा विचारच केलेला नसतो. फोनवर तीन नावे वाचून दाखवली की टीव्हीवर ऐकलेले नाव ओठावर येते. पुढे व्हिटमर यांच्या जाहिराती सुरू झाल्या, वाहन कामगार आणि शिक्षकांच्या संघटनांचा त्यांना पाठिंबा होताच, आणि चित्र पालटले. शेवटच्या आठवड्यांतील चाचण्यांनी व्हिटमर यांची आघाडी बरोबर दाखवली. एल-सय्यद मात्र चाचण्यांपेक्षा बरेच पुढे गेले.

अशा वेळी मोठ्या टक्केवारीपेक्षा ‘अजून ठरवले नाही’ हा आकडा महत्त्वाचा असतो. तो ३०-४० टक्के असेल तर पहिला-दुसरा क्रमांक सांगणे हा मथळ्याचा सोस आहे. बातमीत हा आकडा बहुधा शेवटच्या ओळीत असतो, कधी नसतोच.

नमुना किती मोठा हवा?

‘त्रुटीची मर्यादा चार टक्के’ असे वाचले की वाचक निश्चिंत होतो. ६०० जणांच्या चाचणीत ती मर्यादा तेवढीच असते. पण त्या ६००मधून एका पक्षाच्या प्रायमरीला जाणारे वेगळे काढले आणि ते २५० भरले, तर मर्यादा सहा टक्क्यांच्या पुढे जाते. तीही प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीला लागू; दोघांमधील अंतराची अनिश्चितता याहून मोठी, दुपटीच्या जवळ जाणारी. आणि हे सारे नमुना योग्य मतदारांचा आहे असे गृहीत धरून. नमुनाच चुकला, तर ही मर्यादा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

उमेदवाराच्या गोटातून ‘फुटलेल्या’ चाचण्यांपासून तर दूरच राहावे. व्हर्जिनियात २०१४मध्ये रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधीगृहातील बहुमत नेते एरिक कँटर यांच्या स्वतःच्या चाचणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. प्रायमरीत ते ११ टक्क्यांनी हरले.

मग चाचण्या थांबवाव्यात का?

बंदीची मागणी आपल्याकडेही अधूनमधून होते. ती पटणारी नाही. चाचण्या नसतील तर आकडे फक्त उमेदवारांच्या गोटात राहतील आणि सोयीचे तेवढेच बाहेर येतील. आक्षेप आहे तो चाचणीच्या वापरावर. डेमोक्रॅटिक पक्षाने २०१९मधील पहिल्या वादसभेसाठी तीन चाचण्यांत किमान एक टक्का किंवा ६५ हजार देणगीदार अशी अट घातली होती. एक टक्का आणि शून्य यांतला फरक काहीशे जणांच्या नमुन्यात दोन-चार माणसांचा असतो. देणगीदार आणि वृत्तवाहिन्याही याच आकड्यांकडे बघून कुणाला वेळ द्यायचा ते ठरवतात. ज्याच्याकडे पैसा तो जाहिरात करतो, जाहिरातीने नाव कळते, नाव कळले की चाचणीत टक्के वाढतात आणि ती चाचणी ‘लोकांचा कौल’ म्हणून छापली जाते. ज्याच्याकडे पैसा नाही, तो उमेदवार मतदाराच्या कानावर पडण्याआधीच बाद होतो. यात मतदाराचे नुकसान अधिक.

ठाणेदार यांच्या बाबतीत एक गोष्ट राज्यभराच्या आकड्यांत दिसली नव्हती. २०१८मध्ये ते राज्यात तिसरे आले, तरी डेट्रॉइट शहरात सर्वाधिक मते त्यांनाच होती. पुढे ते तिथेच राहायला गेले, २०२०मध्ये तिथून राज्य विधिमंडळात निवडून आले आणि २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेससाठी उभे राहिले. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांना मिळालेली मते सुमारे २८ टक्के; उमेदवारीसाठी तेवढी पुरली.