आपला आज्ञाधारक

शाळेत रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहावं लागे. वर्गातलं कार्टं जितकं व्रात्य, तितकं त्याचं ते 'आज्ञाधारक' वळणदार! अमेरिकेतल्या बड्या संगणक-कंपन्या युरोपच्या कायद्यापुढे मान तुकवतात, ती याच वळणानं.

२००४ साली युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरो दंड ठोठावला आणि बजावलं, की तुमचा मीडिया प्लेयर वगळलेली विंडोजही विका. कंपनी म्हणाली, जशी आज्ञा! आणि त्या मालाला नाव सुचवलं 'रिड्यूस्ड मीडिया एडिशन'. म्हणजे हलवायानंच 'येथे बेचव श्रीखंड मिळेल' अशी पाटी लावायची! आयोगानं नाव फेटाळलं. मग दुसरं नाव आलं, पण किंमत? पूर्ण विंडोजइतकीच. साय काढलेलं दूध सायीच्या भावात कोण घेणार? जवळपास कुणीच घेतलं नाही. हुकूम मात्र शब्दशः पाळला गेला.

पुढे याच कंपनीनं कबूल केलं, की गिऱ्हाइकाला ब्राउझर निवडायला देऊ. २०११ च्या मे महिन्यापासून चौदा महिने ती निवडीची पाटी दीड कोटी लोकांना दिसलीच नाही. का, तर म्हणे तांत्रिक चूक! २०१३ मध्ये या विसराळूपणाचे ५६ कोटी १० लाख युरो पडले. विसरण्यातही नफ्याची बाजू बरी आठवते, नाही?

२०२४ च्या मार्चपासून नवा कायदा लागू झाला : आयफोनवर इतरांनाही ॲपचं दुकान थाटू द्या. ॲपलनं दार उघडलं आणि दारात पावतीबुक घेऊन माणूस बसवला. नव्या अटी पत्करणाऱ्याचं ॲप फुकट का असेना, बाहेरच्या दुकानातून का घेतलेलं असेना, पहिल्या दहा लाखांनंतर वर्षाला दर खात्यामागं अर्धा युरो टाका, असा तेव्हाचा फतवा! कंपनी म्हणते, आम्हाला काळजी ग्राहकाच्या सुरक्षिततेची. ते अगदीच खोटं नाही. भामटे सगळीकडे आहेत. पण पावतीबुकानं भामटा कसा अडतो, हे माझ्या टाळक्यात शिरत नाही.

आयोगाचंही चुकतं. 'दार उघडलंत का?' असं विचारतो. अहो, त्या दारातून किती जण आत आले ते मोजा की! आणि ते मोजेपर्यंत दंडाचं मीटर चालू ठेवा.

ग्राहकाला बाहेरची स्वस्त वाट दाखवू न दिल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये ॲपलला ५० कोटी युरो दंड झाला. कंपनी अपिलात गेली. सप्टेंबरात तिनं आयोगाला नम्रपणे सुचवलं, की हा कायदाच रद्द करावा.