खटला संपतो, जखम उरते : घरातल्या अत्याचारातून वाचलेल्यांच्या उपचारांसाठी निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, अमरावती विभाग, अमरावती

प्रत : मा. जिल्हाधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अमरावती व अकोला

विषय : बालपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना वयाची व तक्रारीची अट न लावता मानसोपचार मिळण्याबाबत.

महोदय,

मार्च 2023 मध्ये अभिनेत्री आणि तेव्हाच्या राष्ट्रीय महिला आयोगाच्या सदस्य खुशबू सुंदर यांनी जाहीरपणे सांगितले, की त्या 8 वर्षांच्या असल्यापासून वडिलांनीच त्यांचे लैंगिक शोषण केले. विरोध करण्याचे बळ त्यांना 15 व्या वर्षी आले. आई विश्वास ठेवणार नाही, ही धास्ती होती. जगासमोर बोलेपर्यंत आणखी तीन दशकांहून अधिक काळ गेला. मुंबईत वाढलेल्या, नाव कमावलेल्या बाईला एवढी वर्षे लागली. दर्यापूर, बार्शीटाकळी किंवा धारणीच्या मुलीला ‘कोनाले सांगू नोको’ एवढेच ऐकवले जाते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालासाठी 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलणे झाले. त्यांतील 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सांगितले. शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा मुलांचा विश्वास असलेले होते. यात मुलगेही मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्याविषयी तर कोणी विचारतही नाही.

परक्याने त्रास दिला तर मूल घराकडे धावते. घरातच घडले तर धावायचे कुठे? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्येच अशा मुलांचे वागणे नोंदवले : गुपित पाळणे, हतबल होणे, मुकाट जुळवून घेणे, उशिरा सांगणे आणि पुढे शब्द मागे घेणे. आपल्याकडे मूल जबाब फिरवते तेव्हा त्याला खोटे ठरवले जाते. कमावता माणूस तुरुंगात गेला आणि चूल थंडावली, की तो जबाब कोणाच्या दबावाखाली फिरतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पुढची वर्षे त्याहून कठीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात दीर्घकाळच्या आघाताला स्वतंत्र निदान मिळाले. भूतकाळ पुन्हा पुन्हा अंगावर येणे आहेच. शिवाय भावना आवरता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे, जवळच्या नात्यांवर विश्वास न बसणे. लग्नानंतर नवऱ्याच्या स्पर्शाने दचकणाऱ्या, घरच्या लग्नात अत्याचार करणाऱ्या काकाच्याच पाया पडावे लागणाऱ्या बाईला हे निदान कोणी सांगितलेले नसते. ती दवाखान्यात येते ती डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे घेऊन. केसपेपर काढताना मागे सासू उभी असते आणि खिडकीतून मोठ्याने विचारले जाते, ‘काय त्रास होतो?’ तिथे ती काय सांगणार?

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अत्याचारी नातेवाईक असेल तर हा कायदा गुन्हा अधिक गंभीर धरतो. 2020 च्या नियमांत खटल्याच्या काळात मुलासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे. अशा अत्याचारांच्या पीडितांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना 2013 ची. ही मदत मोलाचीच, परंतु ती तक्रारीला आणि खटल्याला बांधलेली आहे. चाळिशीत पहिल्यांदा बोलणाऱ्याला तिच्यातून काय मिळते?

म्हणून निवेदनकर्त्यांची पहिली आणि मुख्य मागणी अशी, की अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात व अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी, नातेवाइकांना बाहेर ठेवून, आघातावरील उपचारांचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसतज्ज्ञांची भेट मिळावी. रुग्णाचे वय, लिंग किंवा गुन्ह्याची नोंद आड येऊ नये. प्रौढ व्यक्तीने जुना प्रकार सांगितला तर डॉक्टरांवर कोणते कायदेशीर बंधन येते, याच्या लेखी सूचना द्याव्यात. त्या संभ्रमात उपचार नाकारले जाऊ नयेत. मेळघाटासाठी धारणीत कोरकू बोलणारी समुपदेशक नेमावी. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय हा मेळघाटातल्या बाईला पर्याय नाही.

मनोधैर्यच्या लाभार्थींचे समुपदेशन निकालाबरोबर थांबू नये. त्याचा पाठपुरावा विधी सेवा प्राधिकरणाने करावा. आरोपी कमावता असेल तर त्या घराचा बालसंगोपन योजनेचा अर्ज बालकल्याण समितीने स्वतःहून मार्गी लावावा. आशा, अंगणवाडी सेविका व शिक्षकांच्या प्रशिक्षणात, सुट्टीत एखाद्या नातेवाइकाकडे जायला मूल ठाम नकार का देते आणि सांगितलेले मागे का घेते, हे शिकवावे.

या मागण्यांवर दोन्ही जिल्ह्यांचे शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि बालकल्याण समित्यांसह एका महिन्यात बैठक घ्यावी व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शिक्षक, समुपदेशक, वकील व पालक