दोन कोटी पस्तीस लाखांचा कोपरा

शनिवार सकाळ, कर्वे पुतळ्याजवळचं अमृततुल्य. आम्ही पाच जण, पाच चहा आणि दोन क्रीमरोल (दोन क्रीमरोल पाचांत कसे वाटतात ते विचारू नका, वर्षानुवर्षांचा सराव आहे). विषय राजकारण नाही, चांदणी चौकातलं ट्रॅफिक नाही, गृहकर्जाचा हप्ताही नाही. विषय एकच.

"काही म्हण, पलटणने शादलुईला सोडायला नको होतं."

हा वाद ऑगस्ट २०२४ पासून चालू आहे. मधल्या काळात आमच्यातल्या दोघांची लग्नं झाली, एकाने कंपनी बदलली, पण वाद तिथेच. आज तो एकदाचा लिहून काढतो, कारण गेल्या शनिवारी त्याला एक वेगळंच वळण लागलं.

ज्यांचा प्रो कबड्डीशी संबंध फक्त चॅनल बदलताना येतो त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या पुणेरी पलटणचा पूर्वापार प्रश्न होता डावा कोपरा. चढाई करणारे आपल्याकडे होते, तेही घरचे. अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, आकाश शिंदे नाशिकचा. पण कोपरा विकत आणावा लागायचा. २०२२ मध्ये इराणचा फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला. अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि जयपूरकडून २९-३३ हरलो. फजलला सोडलं.

मग २०२३. ७ ऑक्टोबरला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारत-इराण अंतिम सामना झाला. तोच, ज्यात लॉबीच्या नियमावरून भर सामन्यात खेळ थांबला आणि शेवटी भारत ३३-२९ जिंकला. भारताकडून अस्लम आणि आकाश, समोर मोहम्मदरेझा शादलुई. आणि दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईच्या लिलावात पलटणने त्याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना उचललं! तोपर्यंत कुठल्याही परदेशी खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती. संघाची सगळी पर्स ५ कोटींची, म्हणजे ४७ टक्के पैसे एका माणसावर, तेही बचावपटूवर.

आम्ही त्या शनिवारी एकमताने ठरवलं की पलटणवाल्यांचं डोकं फिरलंय. "अरे, एवढ्यात दोन रेडर आले असते."

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शादलुईच्या नावावर त्या सीझनला पकडीचे ९९ गुण, सगळ्यांत जास्त. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पुणं पहिल्यांदा चॅम्पियन. पंकज मोहितेची एका चढाईत चार गुणांची ती सुपर रेड अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही अर्थातच म्हणालो, "बघ, तेव्हाच सांगत होतो."

आणि पाच महिन्यांनी पलटणने त्याला सोडलं. लिलावात तो २ कोटी ७ लाखांना गेला. कुठे? हरयाणाकडे. ज्यांना आपण हरवलं होतं, त्यांच्याकडेच.

त्यापुढचा भाग लिहायला जरा जड जातं. त्या सीझनला पलटण पहिल्या सहांतही नव्हती. आणि प्लेऑफ होते कुठे, तर आपल्याच बालेवाडीत. २९ डिसेंबर २०२४, रविवार. कोथरूडहून दोन बाइकवर चौघं कुडकुडत गेलो. (तिकिटं आधीच काढली होती, पलटण असेल या आशेने.) हरयाणाने पाटण्याला ३२-२३ हरवलं आणि शादलुईने पुण्यात, आमच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याच जर्सीत कप उचलला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात जॅकेटच्या खिशात ठेवून उभा राहिलो. याबद्दल पुढे बोलतो.

तर वाद असा. एक पक्ष म्हणतो, ही घोडचूक होती, कोपरा गेला आणि संघ गेला. दुसरा पक्ष म्हणतो, एका माणसाला अर्धी पर्स देऊन संघ चालत नाही, आणि त्या सीझनला अस्लमही दुखापतीने बाहेर गेला होता, ते का विसरता? २०२५ चा सीझन झाल्यावर दुसऱ्या पक्षाला जोर आला. शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरातला प्लेऑफही गाठता आलं नाही. उलट शादलुईशिवायची पलटण अंतिम सामन्यात! आदित्य शिंदेसारखा नवा पोरगा पुढे आला, गौरव खत्री, अभिनेश नादराजन ही जुनीच बचावफळी उभी राहिली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ हरलो, तीन गुणांनी. मग पहिला पक्ष म्हणतो, "ते तीन गुण शादलुईने आणले असते." झालं, परत पहिल्यापासून सुरू.

माझं मत सांगतो. दोन्ही पक्ष चुकीचा आकडा हातात धरून भांडतायत. तो आकडा म्हणजे पकडीचे गुण.

कोपऱ्याचं काम नक्की काय असतं? चढाईवाला येतो, त्याच्याकडे तीस सेकंद. कोपऱ्याने घाईने झेप घेतली आणि हुकली तर गुण गेला, माणूस बाद. मदतीला आलेल्या कव्हरलाही स्पर्श झाला तर दोन गेले. म्हणून चांगला कोपरा बहुतेक वेळा काय करतो, तर काहीच करत नाही. तो फक्त असा उभा राहतो की चढाईवाल्याला त्याच्या बाजूला पाय टाकायची हिंमत होत नाही. चढाईवाला निदान रेषा ओलांडतो आणि हात हलवत परत जातो. रिकामी चढाई. अशा लागोपाठ दोन झाल्या की तिसरी करो या मरो. तिथे त्याला घुसावंच लागतं आणि तिथे तो सापडतो. कधी कव्हरच्या धडकेत, कधी दुसऱ्याच कोपऱ्यात. गुण त्यांच्या नावावर. आधीच्या दोन चढायांत ज्याने दार अडवून धरलं त्याच्या नावावर शून्य.

आणि याची उलट बाजूही तितकीच खरी. शादलुईने घोटा धरला तरी चढाईवाला मध्यरेषेकडे झेपावतोच. त्याची वाट बंद करणारा कव्हर एक पाऊल उशिरा आला, तर पकडीचा गुण होत नाही, उलट चढाईवाल्याला गुण मिळतो. म्हणजे त्या ९९ गुणांत गौरव, अभिनेश, संकेत सावंत यांची पावलंही आहेत. तो आकडा शादलुईबरोबर हरयाणाला किंवा गुजरातला बॅगेत भरून नेता येत नाही. लिलावात मात्र तोच आकडा विकला जातो.

गेल्या शनिवारी मी हे सगळं मोठ्या तावातावाने मांडत होतो. आमच्यातला एक जण प्रॉडक्शन सपोर्टमध्ये आहे. तो एरवी सगळ्यांत जास्त ओरडतो, त्या दिवशी गप्प होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, "माझ्या अप्रेझलमध्ये हेच झालं. मॅनेजर म्हणाला, वर्षभरात एकही मोठा आउटेज नाही, मग तू नक्की केलंस काय?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. "प्रोजेक्टमधून रिलीज केलंय मला. सोमवारपासून बेंचवर. माझी बेस प्राइस किती धरायची रे?"

चहा गार झाला. कोणाला काही सुचेना. कारण अर्ध्या तासापूर्वी आम्हीच, त्याच्यासकट, एका बावीस-तेवीस वर्षांच्या बचावपटूबद्दल म्हणत होतो, "दोन मॅच बघ, नाहीतर रिलीज करून टाक." शब्दसुद्धा तेच! रिलीज, रिटेन, बेंच, बजेटमध्ये बसत नाही. आठवडाभर ज्या भाषेत आमच्याबद्दल बोललेलं ऐकून आमचं डोकं फिरतं, त्याच भाषेत आम्ही शनिवारी दुसऱ्यांबद्दल बोलतो, तेही आवडीने. मी एक्सेलशीट पण केली होती हो, रंगबिरंगी, कोणाला ठेवावं, कोणाला काढावं याची. त्या शीटमध्ये रिकाम्या चढायांचा रकाना नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मी सहा महिने टोरोंटोला ऑनसाइट होतो. तिथे आइस हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, आणि सोमवारच्या मीटिंगआधी पंधरा मिनिटं याच चर्चा. कोणाची अदलाबदल करावी, कोणाचा करार किती वर्षांचा, गोलकीपरवर पगाराचा किती भाग घालवावा. तिथे २००४-०५ चा आख्खा सीझन पगारमर्यादेच्या भांडणापायी रद्द झाला होता आणि त्यानंतर संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. म्हणजे आपली ५ कोटींची पर्सच, फक्त शून्यं जास्त.

क्लायंटकडचा एक जण मूळचा मॉन्ट्रियलचा. त्याने पॅट्रिक रॉयची गोष्ट सांगितली. रॉय हा मॉन्ट्रियलचा गोलकीपर, १९९३ ला त्यांना स्टॅनली कप जिंकून देणारा. २ डिसेंबर १९९५ ला घरच्या मैदानावर डेट्रॉइटविरुद्ध मॉन्ट्रियल ११-१ हरलं. त्यातले नऊ गोल रॉयवर झाले, तरी कोच त्याला बाहेर काढेना. मधे त्याने एक साधासा शॉट अडवला तर घरचेच प्रेक्षक कुचेष्टेने टाळ्या वाजवायला लागले. बाहेर आल्यावर त्याने अध्यक्षांना सांगितलं, ही माझी इथली शेवटची मॅच. चार दिवसांत त्याची कोलोरॅडोला रवानगी झाली, आणि जून १९९६ मध्ये तो कोलोरॅडोकडून कप जिंकला. मॉन्ट्रियलने त्याचा ३३ नंबर सन्मानाने निवृत्त केला, पण कधी? २००८ मध्ये. तेरा वर्षं लागली.

गोलकीपर आणि कोपरा यांचं दुखणं एकच. हुकलेलं सगळ्या गावाला दिसतं, राखलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग वाद घालायचाच नाही का? छे, मग शनिवारी करायचं काय! संघाने हिशेब करायलाच हवा. पर्स मर्यादित आहे म्हणूनच बारा संघांत चुरस आहे, नाहीतर ज्याच्याकडे पैसा त्याचा कप. शादलुईला सोडणं ही माझ्या मते घोडचूक नव्हती. तो एक हिशेब होता, एक वर्ष अंगाशी आला आणि पुढच्या वर्षी बराचसा जमला. २०२४ मध्ये संघाला शिव्या घालणारे आणि २०२५ मध्ये "शादलुई संपला" म्हणणारे, दोघंही एका सीझनवरून निकाल देऊन मोकळे झाले.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही. जिकडे हातोडा पडेल तिकडे जायचं. आपण निदान नोकरीची ऑफर नाकारू शकतो, नोटीस पिरियड देऊन बाहेर पडू शकतो. त्याला तेही नाही. हांगझोऊला ज्या अस्लमला पकडायला तो उभा होता, त्याच अस्लमच्या खांद्याला खांदा लावून तो लगेच पुढच्या सीझनला खेळला आणि आपल्याला पहिला कप दिला. पुढच्या वर्षी त्याला दुसरीकडे पाठवलं गेलं, तिथेही त्याने इमाने-इतबारे काम केलं. यात गद्दारी कसली? बालेवाडीत माझे हात खिशात का होते? त्याने माझं काय घोडं मारलं होतं?

म्हणून मी स्वतःपुरत्या दोन गोष्टी ठरवल्यात. एक, कुठल्याही बचावपटूबद्दल मत द्यायच्या आधी एक पूर्ण सामना फक्त त्याच्याकडे बघायचं, चेंडू नसलेल्या खेळात एवढं जमायला हरकत नाही. किती चढाया त्याच्या बाजूने रिकाम्या गेल्या ते मोजायचं. करून बघा, सामना वेगळाच दिसतो. आणि दोन, आपल्याकडे खेळून गेलेला माणूस दुसऱ्या जर्सीत बालेवाडीला आला तर पहिल्या चढाईआधी टाळ्या वाजवायच्या. नंतर चाळीस मिनिटं हवं तेवढं ओरडायला आपण मोकळे.

आमच्या सपोर्टवाल्यासाठी मात्र टाळ्यांनी भागणार नाही. आम्ही चौघांनी आपापल्या कंपनीत त्याचा रेझ्युमे टाकलाय. त्यात त्याने "वर्षभरात शून्य आउटेज" अशी एकच ओळ लिहिली होती. मी ती बसून नीट करून दिली, काय काय होऊ शकलं असतं आणि ते त्याने कसं अडवलं, हे एकेक मुद्दा काढून. पाऊण पान भरलं. तो म्हणाला, "हे एवढं मी केलं?"

असो. शादलुई २ कोटी २३ लाखांना महाग होता की नाही, यावर शनिवारी बोलूच. या खेपेला क्रीमरोल तीन सांगू.