परदेशी पाळणा आणि विम्याचे कवच

चिटगुप्पा, हुमनाबाद या बिदर जिल्ह्यातील गावांतून तरुण आखाती देशांत कामाला जातात आणि बस्तान बसले की पत्नीला बोलावून घेतात. ती गरोदर असली तर घरची मंडळी डिंकाच्या लाडवांचा डबा बांधून देतात; विम्याच्या कागदांची चौकशी मात्र क्वचितच होते. ही बेपर्वाई नव्हे, अनभिज्ञता आहे. पण तिची किंमत बाळंतिणीला मोजावी लागते.

आपल्याकडे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रियेचेसुद्धा, विनामूल्य आहे. हे छत्र देशाच्या सीमेवर मिटते. प्रवासविमाही सामान्यतः बाळंतपणाचा खर्च देत नाही. दुबईने २०१३ च्या कायद्याने कुटुंबाचा आरोग्यविमा बोलावणाऱ्यावर बंधनकारक केला. सर्वत्र तशी सोय नाही.

आपल्या शासनाची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. तीत बाळंतपणाच्या खर्चाची तरतूद आहे, परंतु ती स्वतः नोकरीसाठी जाणाऱ्या स्त्रीकरिता. पतीमागून जाणारी गृहिणी तिच्या कक्षेबाहेर राहते. हा भेद कशासाठी? प्रसूतीच्या वेणा व्हिसाचा प्रकार पाहून येत नाहीत. शासनाने ही कक्षा वाढवावी.

तोवर घरच्यांनी तिकिटाआधी विमापत्र मागावे. त्यात बाळंतपण अंतर्भूत आहे काय आणि ते किती महिन्यांनी लागू होते, हे वाचून घ्यावे. तसे नसेल तर बाळंतपण माहेरीच होऊ द्यावे. त्यात कमीपणा कसला?